बायपासनंतरची गुंगी: औषध कोणतं, किती आणि कुठवर?

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर पेशंट आयसीयूत येतो तो झोपलेलाच. तोंडातून श्वासनळीत उतरलेली नळी, मानेत सेंट्रल लाइन, मनगटाच्या धमनीत रक्तदाब मोजणारी लाइन, छातीतून बाहेर आलेले दोन-तीन ड्रेन, पेसिंगच्या तात्पुरत्या तारा, लघवीची नळी. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शुद्धीवर आले का? आणि सिस्टरचं उत्तरही ठरलेलं: नाही, आम्हीच झोपवून ठेवलंय. ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. पण कशाने झोपवायचं, किती गाढ आणि किती तास, यावर भूलतज्ज्ञांचा वाद अनेक दशकं चालू आहे. गेल्या पंधरा वर्षांत या प्रश्नावर इतकं संशोधन झालं की तो सुटायला हवा होता. तो सुटला नाही, पण त्याचं स्वरूप मात्र बरंच बदललं.

मुळात एके काळी हा प्रश्नच नव्हता. १९६९ साली बोस्टनमध्ये लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हृदय अगदी दुबळं झालेल्या पेशंटलाही मॉर्फिनच्या प्रचंड डोसवर भूल देता येते आणि त्याचा रक्तदाब टिकतो. प्रचंड म्हणजे वजनाच्या किलोमागे अर्ध्यापासून तीन मिलिग्रॅमपर्यंत. एरवी दुखण्यासाठी आपण किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास देतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला मॉर्फिनची जागा फेंटॅनिलने घेतली, पण रीत तीच राहिली. एवढं औषध अंगात असताना पेशंट स्वतःहून श्वास घेणार कधी? दुसऱ्या दिवशी. त्यामुळे रात्रभर व्हेंटिलेटर हा ठरलेला भाग होता, आणि वर थोडं डायझेपाम किंवा मिडाझोलाम दिलं काय, न दिलं काय, फरक पडत नसे.

हे चित्र पालटलं ते नव्वदच्या दशकात. टोरांटोच्या चेंग आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये बायपासच्या १०० पेशंटवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला: निम्म्यांची नळी एक ते सहा तासांत काढायची, निम्म्यांची बारा ते बावीस तासांनी. लवकर नळी काढलेल्यांच्या हृदयाला इजा जास्त झाली नाही, आणि शस्त्रक्रियेचा एकूण खर्च सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. यातूनच 'फास्ट ट्रॅक' आलं. आज सहा तासांच्या आत नळी काढणं हे चांगल्या कार्डियाक युनिटचं एक मोजमाप मानतात आणि चोवीस तासांच्या पुढे व्हेंटिलेटर गेला तर अमेरिकेतल्या हृदयशल्यविशारदांच्या नोंदणीत ती गुंतागुंत म्हणून मोजली जाते. भूल हलकी झाली, ओपिऑइडचे डोस घसरले, आणि तेव्हा मधल्या चार-सहा तासांत पेशंटला शांत ठेवायला एखादं वेगळं औषध लागू लागलं. गुंगीच्या औषधाची निवड हा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो.

हे चार-सहा तास लागतात तरी कशाला? हार्ट-लंग मशीनच्या पंपावरून उतरलेला पेशंट थंड असतो. थंडी वाजून कुडकुडला तर शरीराची प्राणवायूची गरज भसकन वाढते, आणि नुकतंच टाके घातलेलं हृदय ती भागवू शकत नाही. ड्रेनमधून रक्त किती येतंय ते काही काळ पाहावं लागतं, कारण परत थिएटरमध्ये न्यायची वेळ येऊ शकते. अॅड्रिनॅलिन, नॉरअॅड्रिनॅलिनचे पंप स्थिर व्हायला हवेत. आणि एक गोष्ट क्वचितच बोलली जाते: स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंश शिल्लक असताना गुंगी बंद केली, तर पेशंट आतून जागा आणि बाहेरून लुळा राहतो. यापेक्षा भीषण जाग दुसरी नसेल. तेव्हा तापमान ३६ अंशांच्या वर, ड्रेन आटोक्यात, रक्तदाब स्थिर, स्नायूंची ताकद परत आलेली, हे होईपर्यंत गुंगी. त्यानंतर ती चालू राहिली तर तिला वेगळं कारण लागतं. बरेचदा ते कारण कुणी विचारतही नाही.

औषधांकडे वळण्याआधी दुखण्याविषयी बोलायला हवं. उरोस्थी करवतीने मधोमध उघडून तारांनी शिवलेली असते. ड्रेन फुप्फुसाच्या आवरणाला घासत असतात. अस्वस्थ पेशंट पाहिला की हात गुंगीच्या पंपाकडे जातो, पण निम्म्या वेळा तो दुखण्याने तळमळत असतो. प्रोपोफॉल किंवा मिडाझोलाम दुखणं कमी करत नाहीत. ते फक्त पेशंटला सांगता येणार नाही अशी व्यवस्था करतात. म्हणून आजच्या सगळ्या मार्गदर्शक सूचना आधी वेदना, मग गुंगी, असाच क्रम लावतात. शिरेतून पॅरासिटामॉल, थोडं फेंटॅनिल किंवा मॉर्फिन, आणि जिथे कौशल्य आहे तिथे छातीच्या भिंतीतले ब्लॉक. पाठीच्या स्नायूखाली औषध सोडायचा इरेक्टर स्पायनी ब्लॉक २०१६ मध्ये पहिल्यांदा वर्णन झाला आणि अल्ट्रासाउंड मशीन असलेल्या कार्डियाक युनिटांनी तो उचलला. डायक्लोफिनॅकसारखी औषधं मात्र बायपासनंतर वर्ज्य. २००५ पासून अमेरिकी औषध नियामकाचा तसा ठळक इशारा आहे, कारण त्या गटातल्या औषधांनी बायपासच्या पेशंटमध्ये हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढलेले दिसले. वॉर्डात कुणी सवयीने ते इंजेक्शन लिहिलं, तर औषध देणाऱ्या सिस्टरने थांबवायला हवं.

आता तीन औषधं: मिडाझोलाम, प्रोपोफॉल, डेक्समेडेटोमिडिन. आयसीयूच्या बोलीत मिडाझ, प्रोपोफॉल आणि डेक्स.

मिडाझ बेन्झोडायझेपिन गटातलं. स्वस्त, ओळखीचं, रक्तदाब फारसा न पाडणारं, आणि स्मृती पुसणारं. अनेकांना तोच त्याचा गुण वाटतो. एकच डोस लवकर उतरतो, पण पंपावर तासन्‌तास चालवलं की ते चरबीत साठतं आणि पंप बंद केल्यावर हळूहळू परत रक्तात येत राहतं. त्याचा यकृतात बनणारा एक अंशही गुंगी आणतो, आणि मूत्रपिंड मंदावलं की तो अंगात साचतो. हृदयशस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंड मंदावणं ही काही विरळ गोष्ट नाही. परिणामी सकाळी सहाला बंद केलेलं औषध दुपारी दोनलाही उतरलेलं नसतं आणि मग 'मेंदूला काही झालं का' म्हणून सीटी स्कॅनची तयारी सुरू होते. अमेरिकेच्या क्रिटिकल केअर सोसायटीने २०१८ च्या सूचनांमध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या पेशंटसाठी स्वतंत्र शिफारस केली: बेन्झोडायझेपिनऐवजी प्रोपोफॉल. कारण नळी लवकर निघते. फरक फार नाही, तास-दीड तासाचा, पण सहा तासांच्या हिशोबात तास-दीड तास मोठा असतो.

प्रोपोफॉल म्हणजे ते दुधासारखं पांढरं औषध. सोयाबीन तेलाच्या थेंबांत विरघळवलेलं, अंड्याच्या लेसिथिनने बांधून ठेवलेलं. पहिल्यांदा ते वेगळ्या द्रावकात आणलं होतं, त्याने अॅलर्जीचे झटके आले म्हणून मागे घ्यावं लागलं आणि १९८६ मध्ये या दुधाळ रूपात ते बाजारात परत आलं. ते शोधणारे इयन ग्लेन हे मुळात प्राण्यांचे डॉक्टर. २०१८ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. गंमत अशी की डेक्सचं मूळही प्राण्यांच्या दवाखान्यातलंच आहे, त्याकडे पुढे येऊ.

प्रोपोफॉलचा पंप बंद केला की पेशंट दहा-पंधरा मिनिटांत डोळे उघडतो, हा त्याचा मोठेपणा. साठ किलोच्या माणसाला किलोमागे तासाला दीड मिलिग्रॅम म्हणजे एक टक्क्याच्या औषधाचे तासाला नऊ मिलिलिटर. एवढ्यात बहुतेकांचं काम भागतं. पण त्याने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो. हार्ट-लंग मशीनवरून उतरलेल्या पेशंटच्या रक्तवाहिन्या आधीच ढिल्या असतात, हृदय थोडं सुन्न असतं. मग होतं असं की गुंगीसाठी प्रोपोफॉल वाढवलं जातं आणि पडलेला दाब सावरायला नॉरअॅड्रिनॅलिन. शेजारीशेजारी लावलेले दोन पंप एकमेकांविरुद्ध धावत राहतात. रात्रीच्या पाळीत हे दृश्य इतकं नेहमीचं की त्यातला विचित्रपणा दिसेनासा होतो. शिवाय ते तेल आहे: मिलिलिटरला १.१ कॅलरी, त्यामुळे आहाराच्या हिशोबात धरावं लागतं. आणि जंतूंना ते आवडतं, म्हणून बाटली आणि नळ्या बारा तासांत बदलाव्या लागतात. किलोमागे तासाला चार-पाच मिलिग्रॅमच्या वर, ४८ तासांहून अधिक चाललं तर प्रोपोफॉल इन्फ्युजन सिंड्रोम नावाचं जीवघेणं संकट येऊ शकतं: रक्त आम्लयुक्त होतं, स्नायू विरघळतात, हृदय थकतं. १९९२ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी पाच बालकांच्या मृत्यूंची नोंद केल्यानंतर लहान मुलांच्या आयसीयूतून ते दीर्घ वापरासाठी जवळपास हद्दपार झालं. (क्वचित लघवी हिरवी होते. त्याने काही बिघडत नाही, पण पहिल्यांदा पाहणारा रेसिडेंट हमखास घाबरतो.)

तिसरं डेक्स. फिनलंडच्या ओरायन कंपनीकडे मेडेटोमिडिन हे कुत्र्या-मांजरांना शांत करणारं औषध होतं. त्याच्या दोन आरशातल्या रूपांपैकी जे रूप खरं काम करतं तेवढंच वेगळं काढून माणसांसाठी आणलं. अमेरिकेत त्याला १९९९ च्या अखेरीस परवानगी मिळाली, तीही चोवीस तासांपुरती. बाकी दोन औषधं मेंदूतल्या 'गाबा' नावाच्या दडपणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवून काम करतात. डेक्सचा रस्ता निराळा: मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा जागं ठेवणाऱ्या पेशींचा एक ठिपका आहे, तो ते मंद करतं. ही झोप नैसर्गिक झोपेच्या जवळची असते. हाक मारली की पेशंट डोळे उघडतो, हात दाबतो, आणि सोडलं की पुन्हा पेंगतो. थोडं दुखणंही कमी होतं. आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे श्वास फारसा दबत नाही, त्यामुळे नळी काढताना आणि काढल्यावरही ते चालू ठेवता येतं. प्रोपोफॉलबाबतीत हे धाडस सहसा कुणी करत नाही.

उणी बाजू हृदयाशीच निगडित. नाडी मंदावते, दाब पडतो. सुरुवातीला किलोमागे एक मायक्रोग्रॅमचा भरणा डोस दहा मिनिटांत दिला तर आधी दाब चढतो आणि मग उतरतो. म्हणून कित्येक कार्डियाक युनिटांत भरणा डोस गाळूनच टाकतात आणि थेट पंप लावतात. दोनशे मायक्रोग्रॅम औषध पन्नास मिलिलिटरमध्ये भरलं की मिलिलिटरला चार मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या पेशंटला किलोमागे तासाला अर्धा मायक्रोग्रॅम म्हणजे तासाला साडेसात मिलिलिटर. नाडी मंदावण्याचा धोका हृदयशस्त्रक्रियेनंतर इतर आयसीयूपेक्षा थोडा कमी जाचक ठरतो, कारण सर्जनने पेसिंगच्या तारा आधीच बसवून ठेवलेल्या असतात. नाडी ५० वर आली की पेसमेकर ८० किंवा ९० वर लावायचा. पण व्हॉल्व्ह बदलताना हृदयाच्या विद्युतवाहिनीजवळ टाके पडले असतील आणि हार्ट ब्लॉकची शंका असेल, तर हे औषध विचार करूनच.

मग निवड कशावरून करायची? इथे डेलिरियमचा मुद्दा येतो, आणि या विषयातली सगळ्यात बोधप्रद कहाणीही तिथेच आहे.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शांत, सुशिक्षित, निर्व्यसनी आजोबा सलाईन उपसून टाकतात, मुलाला ओळखत नाहीत, खोलीत माणसं घुसलीत म्हणून ओरडतात. किंवा याउलट, काहीच न बोलता भिंतीकडे पाहत पडून राहतात. हा प्रकार जास्त आणि तोच निसटतो. बोस्टनमधल्या २२५ पेशंटच्या २०१२ सालच्या अभ्यासात हृदयशस्त्रक्रियेनंतर ४६ टक्क्यांना डेलिरियम झाला. ज्यांना झाला त्यांच्यापैकी ४० टक्क्यांची बुद्धी सहा महिन्यांनंतरही पूर्वपदावर आली नव्हती. ज्यांना झाला नाही त्यांच्यात हे प्रमाण २४ टक्के. तेव्हा नातेवाइकांना 'आयसीयूत असं होतंच, दोन दिवसांत बरं होईल' म्हणून वाटेला लावणं पुरेसं नाही.

२००९ मध्ये स्टॅनफर्डच्या माल्डोनाडो यांनी व्हॉल्व्हच्या पेशंटवर तिन्ही औषधं ताडून पाहिली. आकडे थक्क करणारे: डेक्सवर डेलिरियम ३ टक्के, प्रोपोफॉलवर ५० आणि मिडाझवर ५०. परिषदांच्या स्लाइडवर हे तीन आकडे वर्षानुवर्षं झळकले. पण ते ठरल्याप्रमाणे औषध पूर्ण मिळालेल्या ९० जणांचे होते. सुरुवातीला चिठ्ठी काढून वाटलेल्या सगळ्या ११८ जणांचा हिशोब केला, तर डेक्सचे १० आणि बाकी दोघांचे ४४ होतात. तरीही फरक मोठाच, मात्र गटात जेमतेम चाळीस माणसं, आणि कुणाला काय चाललंय हे सगळ्यांना दिसतंय, कारण प्रोपोफॉल पांढरं असतं. त्याच वर्षी शेहाबी यांनी साठीपुढच्या ३०६ पेशंटमध्ये डेक्सची तुलना मॉर्फिनशी केली: ८.६ विरुद्ध १५ टक्के. कल डेक्सकडे, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला न उतरलेला. २०१६ मध्ये टोरांटोच्या जयानी यांनी साठीपुढच्या १८३ पेशंटमध्ये प्रोपोफॉलशी तुलना केली: १७.५ विरुद्ध ३१.५. इथे फरक कसोटीला उतरला, पण माल्डोनाडोच्या मानाने बराच आटला होता.

मग २०२० मध्ये 'डिकेड' चाचणी आली. जवळपास ८०० पेशंट, एका गटाला डेक्स, दुसऱ्याला नुसतं सलाईन, कुणाला काय ते डॉक्टरांनाही माहीत नाही, शस्त्रक्रियेआधी सुरू करून चोवीस तास. डेलिरियम डेक्सच्या गटात १७ टक्के, सलाईनच्या गटात १२. कमी होणं दूरच, उलटाच कल. एट्रियल फिब्रिलेशनही लक्षणीय कमी झालं नाही, ३० विरुद्ध ३४. आणि दाब पडण्याचे प्रसंग डेक्सवर जास्त.

यावरून डेक्सची भलावण संपली असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ही चाचणी वेगळ्या प्रश्नाची होती. माल्डोनाडो आणि जयानी विचारत होते: गुंगी द्यायचीच आहे, तर कोणतं औषध बरं? डिकेड विचारत होतं: नेहमीच्या औषधांच्या वर डेक्स घातलं तर मेंदूचं रक्षण होतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असलं तरी पहिल्याचं 'हो' असू शकतं. डेक्स मेंदूला कवच देत नसेल, पण त्याच्यामुळे दुसऱ्या औषधांचे तास वाचत असतील तर फायदा तिथून येतो. २००३ च्या हेर यांच्या बायपासच्या २९५ पेशंटच्या चाचणीत याची एक खूण आहे. नळी काढण्याच्या वेळेत फरक नव्हता, पण व्हेंटिलेटरवर असताना मॉर्फिन लागलं डेक्सवरच्या २८ टक्क्यांना आणि प्रोपोफॉलवरच्या ६९ टक्क्यांना.

अगदी अलीकडे खलनायकाची भूमिकाही तपासून झाली. बेन्झोडायझेपिनमुळे डेलिरियम होतो हे आम्ही गृहीत धरून बसलो होतो. त्यावर 'बी-फ्री' नावाची मुख्यतः कॅनडातली चाचणी झाली, २० रुग्णालयं, जवळपास वीस हजार हृदयशस्त्रक्रिया: काही काळ रुग्णालयाने भुलीत मिडाझसारखी औषधं टाळायची, काही काळ वापरायची. २०२५ मध्ये निकाल आला: डेलिरियम १४.० विरुद्ध १४.९ टक्के. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. याचा अर्थ मिडाझ निर्दोष ठरलं असा घ्यायचा का? थिएटरमध्ये दोन मिलिग्रॅम देणं आणि आयसीयूत रात्रभर पंप चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही चाचणी पहिलीची होती. पण भुलीआधीच्या त्या छोट्या डोससाठी सहकाऱ्याला दोष देण्याचं कारण आता उरलेलं नाही. मेंदूचे विद्युतलहरी-आलेख पाहून भूल हलकी ठेवण्याचा प्रयोगही कॅनडात हृदयशस्त्रक्रियेच्या १,१४० पेशंटवर झाला. दोन्ही गटांत डेलिरियम १८ टक्के. केटामिनचा एक डोस ६७२ जणांवर तपासला, २०१७ मध्ये; डेलिरियम कमी झाला नाही, भयानक स्वप्नं मात्र वाढली. शिरेतून पॅरासिटामॉल दिल्याने डेलिरियम २८ वरून १० टक्क्यांवर आल्याची १२० पेशंटची एक आकर्षक चाचणी आहे. पॅरासिटामॉल द्यायला हरकत कसलीच नाही. पण लहान चाचणीतला मोठा आकडा पाहिला की माल्डोनाडोचा ३ टक्के आठवावा.

या सगळ्या आकड्यांतून मला दिसतं ते असं. चाचण्या जसजशा मोठ्या आणि काटेकोर झाल्या तसतसं 'कोणतं औषध' याचं वजन घटत गेलं, आणि 'किती गाढ, किती वेळ' याचं वाढलं. गाढपणा मोजायला रास नावाची मोजपट्टी आहे: उणे पाच म्हणजे कशालाच प्रतिसाद नाही, शून्य म्हणजे जागा आणि शांत, अधिक चार म्हणजे अंगावर येणारा. बहुतेक पेशंटना उणे एक-दोन पुरतं: हाक मारली की डोळे उघडावेत. आपल्या आयसीयूंच्या चार्टवर रासचा रकाना छापलेला असतो आणि तो दर तासाला भरलेलाही असतो. प्रश्न असा की उणे चार लिहिल्यावर पंपाचा दर कुणी कमी केला का. अनेकदा चार्टवर सलग सहा वेळा उणे चार आणि पंप त्याच नऊ मिलिलिटरवर दिसतो.

अधिकृत शिफारशींत अजून मेळ नाही. क्रिटिकल केअर सोसायटीने २०२५ च्या सुधारणेत हलकी गुंगी किंवा डेलिरियम टाळणं महत्त्वाचं असेल तिथे प्रोपोफॉलपेक्षा डेक्सला झुकतं माप दिलं. दुसरीकडे, चार हजार गंभीर पेशंटच्या स्पाइस-तीन चाचणीत एकूण मृत्यू डेक्स आणि नेहमीची औषधं या दोन्ही गटांत सारखेच, २९.१ टक्के, पण ६५ आणि त्याखालच्या वयात डेक्सवर मृत्यू जास्त दिसले, म्हणून युरोपीय औषध संस्थेने २०२२ मध्ये इशारा काढला. हा इशारा वाचून काही ठिकाणी पन्नाशीच्या बायपासच्या पेशंटचंही डेक्स बंद झालं. मूळ पत्रकात मात्र स्पष्ट म्हटलंय की हा धोका मुख्यतः शस्त्रक्रियेखेरीज इतर कारणांनी दाखल झालेल्यांत दिसला. सहा तास डेक्सवर राहून नळी निघणाऱ्या पेशंटला तो जसाच्या तसा लावणं मला पटत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती या आकड्यांत दिसत नाही. वर सांगितलेल्या चाचण्यांतला पेशंट बहुधा पाश्चात्त्य, साठीपुढचा, पंपावर बायपास झालेला. भारतात बायपासचा मोठा वाटा पंप न वापरता, धडधडत्या हृदयावर होतो. तिथे पेशंट कमी थंडावतो आणि गुंगीचे तासही कमी लागतात. आणि महाराष्ट्रातल्या सरकारी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत अजूनही तिशी-चाळिशीच्या संधिवाताच्या तापाने मायट्रल व्हॉल्व्ह खराब झालेल्या बाया येतात, ज्यांच्या फुप्फुसातला दाब वाढलेला असतो. अशा पेशंटमध्ये श्वास थोडा दबून कार्बन डायऑक्साइड चढला तरी फुप्फुसातला दाब उसळतो आणि उजवं हृदय हार खातं. इथे डेलिरियमपेक्षा श्वास न दाबणारं औषध हा निकष जास्त मोलाचा, आणि म्हणून नळी काढताना डेक्स. उलट, पेशंट रक्तस्रावामुळे अस्थिर आहे, पुन्हा थिएटरला जायची शक्यता आहे, फुग्याचा पंप लागलेला आहे, तर पूर्ण झोप हवी. तिथे दाब सांभाळत प्रोपोफॉल, आणि दाब साथ देत नसेल तर मिडाझला नाक मुरडू नये. जीव वाचवायच्या रात्री डेलिरियमचा विचार दुसऱ्या क्रमांकावर जातो. काही दिवस व्हेंटिलेटर लागणार हे स्पष्ट झालं की मग मिडाझवरून उतरायची घाई करावी. जन्मजात दोषाच्या लहान मुलांचा प्रश्न वेगळ्या लेखाचा आहे. एवढंच नोंदवतो की तिथे डेक्स नाडीच्या एका घातक वेगवान बिघाडालाही आळा घालतं, म्हणून त्याचं महत्त्व अधिक.

डेलिरियमसाठी औषधाव्यतिरिक्त जे करता येतं ते इतकं साधं आहे की त्यावर परिषदा भरत नाहीत. चष्मा आणि कानातलं यंत्र थिएटरला जाताना पिशवीत भरून घरी पाठवलं जातं. ते आयसीयूत परत आणून लावणं. कवळीही. रात्री दिवे कमी करणं. घड्याळ दिसेल असं बेड फिरवणं. पेशंटशी त्याच्या भाषेत बोलणं. केरळहून आलेली सिस्टर आणि सोलापूरच्या खेड्यातले आजोबा यांच्यात 'दर्द है क्या?' एवढाच दुवा असेल तर आजोबा अस्वस्थ होणारच. लक्ष तपासताना इंग्रजी अक्षरं ऐकून 'ए' आल्यावर हात दाबायला सांगतात. ज्यांना ती अक्षरं येत नाहीत त्यांच्यासाठी त्याच चाचणीत चित्रांचा पर्याय आहे, तो वापरावा. आणि घरच्यांना दिवसातून दोनदा काचेतून हात हलवू देण्यापेक्षा अर्धा तास उशाशी बसू देणं.

शेवटी पाळीचा प्रश्न उरतो. दुसरी केस संपून पेशंट संध्याकाळी सातला आयसीयूत आला, तर सहा तासांचा हिशोब रात्री एकला पूर्ण होतो. त्या वेळी हजर असलेला निवासी डॉक्टर एकटा बारा बेड सांभाळत असतो. नळी काढून पेशंट बिघडला तर सकाळी बोलणी खाणार तो, आणि नाही काढली तर कुणी काही म्हणणार नाही. म्हणून पंप सकाळी आठच्या राउंडपर्यंत चालू राहतो, मग त्यात कोणतंही औषध असो. याला उत्तर म्हणून अनेक केंद्रांनी नळी काढण्याचा निर्णय लेखी नियमांवर आणि आयसीयूच्या अनुभवी सिस्टरवर सोपवला: तापमान, ड्रेन, दाब, स्नायूंची ताकद आणि रास ठरलेल्या मर्यादेत आली की पंप कमी करायला तिने कुणाची वाट पाहायची नाही, आणि नळी काढताना डॉक्टरला बेडशी बोलवायचं. ज्या युनिटात असा कागद नाही तिथे डेक्स की प्रोपोफॉल यावर बैठक घेण्याआधी तो लिहून घ्यावा आणि रात्रीच्या पाळीत एक माणूस वाढवून मागावा. मागणी व्यवस्थापनाकडे करायची असल्याने सोबत चेंग यांचा तो २५ टक्के खर्च वाचल्याचा आकडा जोडायला हरकत नाही.